उलटी भिशी

म्हसाई पठाराच्या पोटाशी, कारवीच्या आड
पंचवीस मीटर काळा पत्थर उभा आहे,
वर जांभ्याची तांबडी टोपी.
त्यात दहा बोल्ट.
हवे होते अकरा.

अकरा जणांची भिशी होती आमची, पण उलटी.
ज्याची चिठ्ठी निघेल त्यानं घ्यायचं नाही,
द्यायचं. एक बोल्ट, एक हँगर,
आणि रियाजच्या ड्रिलबिटाची झीज.

पहिला शीला कांबळेचा. सीपीआरमधली रात्रपाळी उतरून
ती थेट कड्याखाली आली,
शीर शोधावी तशी बोटांनी जागा चाचपली,
म्हणाली, इथं.
तिसऱ्याला सदा लोहारानं हातोडी वाजवून कान लावला.
शिरोलीत मोल्डर आहे तो,
भट्टीतनं निघालेलं कास्टिंग बोलतं की बद्द वाजतं
हे त्याला झोपेतही कळतं.
"पोकळ हाय हितं. वीतभर डावीकडं घे."
रियाज नदाफ वरनं दोरावर लोंबकळत
वीतभर डावीकडं सरकला.
भोक पाडलं, सायकलच्या पंपानं भुकटी उडवली.
ती खाली आमच्या डब्यांवर बसली.
त्या दिवशी भाकरी कचकच लागली.

चौथा माझा.
त्यात क्विकड्रॉ अडकवताना
अजून मला पगाराची तारीख आठवते.

सातवा भुपाल चौगुलेचा.
त्या महिन्यात त्याच्या बहिणीची फी होती
की आणखी काही, त्यानं सांगितलं नाही.
आम्हीही विचारलं नाही.
तो तीन रविवार आलाच नाही.
चौथ्या रविवारी आला तेव्हा आठवा ठोकून झाला होता.

म्हणून आम्ही मोजताना सहानंतर आठ म्हणतो.

सहा ते आठ:
एक तिरकी कड, नखाएवढी,
उजव्या पायाला घामेजलेला बुळबुळीत फुगवटा,
आणि मग काहीच नाही,
नुसता हात वर करून विश्वास टाकायची जागा.
बाहेरून आलेले म्हणतात, काय धाडसी रूट आखलाय!
आम्ही चहा पितो.

मी तिथनं एकोणीस वेळा पडलोय.
पडताना आवाज नसतो, हे खरं नाही.
दोर सळसळतो, पोटात काहीतरी वर येतं,
खाली गुऱ्हाळाचा धूर एकदम उलटा दिसतो.
आणि मग झटका बसेल म्हणून दात आवळावेत
तर झटका बसतच नाही.
कुणीतरी झेलतं. जत्रेत पाळणा थांबवतात तसं
हळू.

खाली भुपाल असतो.
एक्क्याण्णव किलोचा माणूस
बरोबर त्या क्षणाला टाचा उचलतो,
दोराबरोबर हातभर वर येतो,
माझं पडणं थोडं स्वतःच्या अंगावर घेतो.
एकोणीसच्या एकोणीस वेळा.
दुसऱ्या कुणाला तो बिले देऊ देत नाही.
"बघू दे रे मला," एवढंच म्हणतो.

परवा त्यानं जर्किनच्या खिशातनं
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.
बोल्ट होता. हँगरसकट.
कागद तीन वर्षांपूर्वीचा,
घडीवर विरलेला.
"मारूया का आज?"

सदानं हातोडी शोधायला सुरुवात केली, जी त्याच्या कमरेलाच होती.
शीला बुटाची नाडी दुसऱ्यांदा बांधू लागली.
रियाजनं वर बघितलं, सहा ते आठ,
बराच वेळ,
मग म्हणाला, "ड्रिल चार्ज न्हाई लेका."

बॅग उघडीच होती.
बॅटरीवर हिरवा दिवा जळत होता.
तो भुपालला दिसला. मलाही.

त्यानं बोल्ट परत कागदात गुंडाळला,
खिशात घातला, चेन लावली.
मी हार्नेसला आठाची गाठ मारली.
त्यानं ती ओढून बघितली,
नेहमीसारखी,
दोनदा.